मालकाच्या जबाबदारीवर

पुण्यातील कोणत्याही वाहनतळाच्या दाराशी, एखाद्या कचेरीच्या कुंपणावर, किंबहुना जेथे चार दुचाक्या ओळीने उभ्या राहू शकतात अशा बहुतेक प्रत्येक ठिकाणी एक पाटी हटकून आढळते : 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत.' ही पाटी इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे की, ती वाचण्याचे कष्ट आता कोणी घेत नाही. आज ती एकवार नीट वाचावी, असे आम्ही वाचकांस सुचवितो. पाटी कोणी लावली, पैसे कोण घेतो, जागा कोणाची आहे, राखण कोण करतो, यांपैकी कशाचाही तीत उल्लेख नाही. उल्लेख आहे तो एकट्या मालकाचा. आणि तो मालक तर पाटीकडे पाठ फिरवून केव्हाच कामावर गेलेला असतो. जो हजर नाही त्याच्यावर सगळी जबाबदारी आणि जो हजर आहे तो मात्र मोकळा, असा हा विलक्षण न्याय आहे.

ज्या जागी एरवी राज्यकारभाराची चर्चा व्हावयाची तेथे मोटारसायकलच्या कुलपाचा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर सरळ आहे. ज्या घरात एकच वाहन आहे आणि त्या वाहनावर नोकरी, मुलांची शाळा आणि वृद्ध आईच्या इस्पितळाच्या फेऱ्या अवलंबून आहेत, त्या घराला वाहनाची चोरी ही किरकोळ घटना वाटत नाही. वृत्तपत्रातील तिची बातमी दोन ओळींची असते. त्या घरात मात्र ती वर्षभर पुरते.

आमच्या परिचयातील एका तरुण गृहस्थांचे उदाहरण घ्या. ते एका पेढीवर हिशेबनीस आहेत. घरापासून रेल्वे स्थानकापर्यंत मोटारसायकल आणि पुढे लोकल, असा त्यांचा नित्याचा प्रवास. स्थानकाजवळच्या सशुल्क वाहनतळावर ते रोज सकाळी गाडी लावीत, पावती खिशात घालीत आणि सायंकाळी ती घेऊन परत जात. एका सायंकाळी गाडी जागेवर नव्हती. प्रथम त्यांना वाटले, आपणच जागा विसरलो. मग वाटले, वाहतूक पोलिसांनी उचलून नेली असेल. त्या चौकशीत दोन तास गेले. वाहनतळाच्या रखवालदाराने हात वर करून पाटीकडे बोट दाखविले. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून होईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. गाडीच्या कर्जाचे चौदा हप्ते अजून फिटावयाचे होते. गाडी गेली, हप्ते राहिले. पावतीही राहिली, आणि तिच्या मागच्या बाजूस तेच वाक्य छापलेले होते.

या प्रसंगात चूक कोणाची? 'चोराची' हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. चोर आपला उद्योग करतो. त्याला तो सोपा कोणी करून दिला, हे पाहावयास हवे. आमच्या मते या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक मालकाच्या कर्तव्याची आणि दुसरी, जिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही, ती वाहन ठेवून घेणाऱ्याच्या कर्तव्याची. प्रथम पहिली बाजू पाहू. कारण स्वतःचे घर झाडल्याशिवाय शेजाऱ्याला बोल लावणे शोभत नाही.

कामावर जाणाऱ्याच्या मोटारसायकलची स्थिती सहलीला निघालेल्या वाहनापेक्षा वेगळी असते. ती रोज त्याच वेळी, त्याच जागी उभी राहते आणि आठ-नऊ तास तिच्याकडे कोणी फिरकत नाही. मालक केव्हा येतो, केव्हा जातो, हे आठवडाभर लक्ष ठेवणाऱ्यास अचूक कळते. म्हणजे चोराच्या हाती वेळापत्रक आपणच देतो. असे असूनही किल्ली गाडीलाच विसरणारे, 'दोनच मिनिटांचे काम आहे' म्हणून हँडलला कुलूप न लावणारे, किंवा नोंदणीपुस्तक डिकीत ठेवून निर्धास्त होणारे सुशिक्षित लोक आपल्यात थोडे नाहीत. कागदपत्रांची डिजिलॉकरमधील प्रत ग्राह्य धरावी, असे केंद्र सरकारने राज्यांस २०१८ सालीच कळविले आहे. तेव्हा मूळ कागद गाडीत ठेवण्याचे कारण उरलेले नाही. ते चोराच्या मात्र उपयोगी पडतात.

हँडलचे कुलूप हा पहिला पहारेकरी होय. तथापि तो एकटा पुरेसा नाही. त्यातील लहानशी खुंटी जोराच्या हिसक्याने तुटू शकते आणि जुन्या गाडीच्या कुलपाची खाच झिजली म्हणजे परकी किल्लीही तीत फिरते. असे झिजलेले कुलूप बदलून घेणे हा खर्च नव्हे, बचत आहे. दुसरा पहारेकरी साखळीचा. पण साखळी नुसती चाकात अडकविणे आणि ती एखाद्या पक्क्या वस्तूला बांधणे यांत फार अंतर आहे. रोजच्या वापराची मोटारसायकल सुमारे शंभर-सव्वाशे किलो वजनाची असते. दोन-तीन धडधाकट माणसे तिला साखळीसकट उचलून टेम्पोत चढवू शकतात. यास्तव जाड साखळी मागच्या चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून घेऊन लोखंडी कठड्याला किंवा जमिनीत रोवलेल्या खांबाला जखडावी. आणि ती जमिनीवर लोळती ठेवू नये, कारण जमिनीचा आधार मिळाला की घाव घालणे सोपे जाते. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल त्यांना डिस्कचे छोटे कुलूप उपयोगी आहे. मात्र ते काढावयास विसरून गाडी सुरू केल्यास मालकच पडतो, म्हणून हँडलपर्यंत येणारी भडक रंगाची दोरी त्याला बांधून ठेवावी. साध्या ड्रम ब्रेकच्या गाडीला हे कुलूप बसत नाही. तिच्यासाठी साखळीच खरी.

गाडी कोठे आहे हे दूरध्वनीवर सांगणारी उपकरणे आता सहज मिळतात. ती बसवावीत, पण त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. असे उपकरण चोरी थांबवीत नाही. चोरी झाल्यावर माग काढण्यास मदत करते. आणि माग लागला म्हणून मालकाने एकट्याने तेथे धाव घेणे हे शौर्य नसून अविचार आहे; ती माहिती पोलिसांच्या हाती द्यावी. जागा निवडताना सावलीपेक्षा उजेडाचा आणि लोकांच्या नजरेचा विचार करावा. चहाच्या टपरीसमोरची जागा पुष्कळदा भिंतीआडच्या शांत कोपऱ्यापेक्षा सुरक्षित असते.

मालकाच्या कर्तव्याचा आणखी एक भाग कागदावरचा आहे आणि तेथे शहाणीसुरती माणसेही फसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. हा विमा आपल्या वाहनाने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याच्या भरपाईचा आहे. आपले वाहन चोरीस गेल्यास त्यातून एक रुपयाही मिळत नाही. चोरीची भरपाई देणारा, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा निराळा असतो. तो पुष्कळदा पहिल्या एका वर्षापुरताच घेतलेला असतो आणि पुढे दरवर्षी नवा करावा लागतो. 'आमचा पाच वर्षांचा विमा आहे' अशा समजुतीत दुसऱ्या वर्षी निश्चिंत राहणारे किती तरी जण असतील. वर सांगितलेले हिशेबनीस, ज्यांचा व्यवसायच आकड्यांचा, तेही याच समजुतीत होते. वाचकांनी हे वृत्तपत्र खाली ठेवताच आपला विम्याचा कागद एकदा उघडून पाहावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे. तसेच, जुनी गाडी विकत घेऊन ती व तिचा विमा आपल्या नावावर करून न घेणाऱ्यांनीही जागे व्हावे. कारण चोरीनंतर भरपाई मागावयास जाल तेव्हा विमा कंपनी पहिला प्रश्न नावाचाच विचारील. गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपाव्यात. भरपाईच्या वेळी त्या दोन्ही मागितल्या जातात.

चोरी झालीच, तर पहिले काही तास मोलाचे असतात. वाहन उचलून नेले असेल काय, याची चौकशी करावी, पण तीत संध्याकाळ घालवू नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने नागरिकाला एक मोठा आधार दिला आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही कळविता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. 'ही आमची हद्द नव्हे' असे उत्तर मिळाले तर ते ऐकून मुकाट्याने परत फिरण्याचे कारण नाही. पोलिसांना ताबडतोब कळविल्यावर विमा कंपनीस कळविण्यास काही विलंब झाला, एवढ्याच कारणाने भरपाई नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिलेला आहे. अर्थात हा निर्णय म्हणजे आळसाला परवाना नव्हे. दोघांनाही त्याच दिवशी कळवावे, हेच इष्ट. तपास न लागल्यास 'गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही' अशा अर्थाचा, बोलीभाषेत ज्याला 'अ समरी' म्हणतात तो अहवाल मिळेपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. विमा कंपनीचे पुढचे पाऊल सहसा त्या कागदावाचून पडत नाही.

येथवर मालकाचे कर्तव्य झाले. ते त्याने पुरेपूर पार पाडले असे धरले, तरी पाटीचा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे १८७२ सालचा करारविषयक कायदा आजही लागू आहे. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणाऱ्याने किती काळजी घ्यावी, हे त्याच्या १५१ व्या कलमात सांगितले आहे. साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी, असे ते माप आहे. दीडशे वर्षांपूर्वीचे हे माप आजही कोणास अवघड वाटू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या खटल्यात याच तत्त्वाची आठवण करून दिली. १९९८ साली त्या हॉटेलच्या नोकराच्या स्वाधीन केलेली एक मोटार चोरीस गेली होती. 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' असे पावतीवर छापले होते, हा हॉटेलचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. वाहन एकदा ताब्यात घेतले की ते सुखरूप परत करण्याचे बंधन येते आणि स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी छापील वाक्याने झटकता येत नाही, असा त्या निर्णयाचा सारांश आहे.

मात्र येथे वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून एक भेद सांगितला पाहिजे. त्या खटल्यात किल्ली आणि वाहन दोन्ही हॉटेलच्या ताब्यात दिलेली होती. आपला मोटारसायकलस्वार स्वतःच गाडी लावतो, स्वतःच कुलूप घालतो आणि किल्ली खिशात घेऊन जातो. त्याने वाहन 'ताब्यात दिले' की केवळ उभे करण्यापुरती जागा भाड्याने घेतली, हा वादाचा मुद्दा होतो. आणि नेमक्या याच फटीत ती पाटी उभी आहे. ज्याच्यापाशी मोटार आणि तिची किल्ली घ्यावयास नोकर हजर असतो त्याच्यासाठी कायद्याचा निर्वाळा स्पष्ट आहे. ज्याला स्वतःची गाडी स्वतः ढकलीत ओळीत लावावी लागते तो मात्र संदिग्धतेत सापडतो.

ही फट बुजविण्यासाठी नवा कायदा येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. सशुल्क वाहनतळ चालविण्याचा ठेका महानगरपालिका देते, रेल्वे देते. मेट्रोच्या स्थानकांपाशीही वाहनतळाची गरज वाढत आहे. ठेक्याच्या अटी हीच मंडळी ठरवितात. किती रक्कम द्यावी, ती केव्हा भरावी, याच्या अटी त्यांत बारकाईने घातलेल्या असतात. मग वाहनाच्या राखणीची अट का असू नये? क्रमांकाचा बिल्ला दाखविल्याशिवाय वाहन बाहेर सोडू नये. रात्री पुरेसा उजेड असावा. कॅमेऱ्याचे चित्रण ठराविक दिवस जपून ठेवावे. साखळी बांधता येईल असा लोखंडी कठडा प्रत्येक ओळीला असावा. आणि ठेकेदाराच्या हलगर्जीपणामुळे वाहन गेल्यास त्याची भरपाई करण्यासाठी त्याने विमा उतरवावा. या पाच अटींत अशक्य असे काय आहे? विम्यामुळे पावतीचे दर थोडे वाढतील, असा आक्षेप घेतला जाईल. वाढोत. नुसत्या जागेच्या भाड्याला 'वाहनतळ शुल्क' हे भारदस्त नाव देण्यापेक्षा, थोडे अधिक घेऊन खरी राखण करणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

बिल्ल्याची कल्पना आमची नाही. प्रस्तुत लेखकाने आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली. पुणे तेव्हा सायकलींचे शहर ही ओळख हळूहळू विसरू लागले होते, तरी शाळेचा सायकल स्टँड भरलेला असे. तेथील वृद्ध शिपाई प्रत्येक सायकलीला पत्र्याचा एक बिल्ला अडकवी आणि त्याच क्रमांकाचा दुसरा मुलाच्या हातात देई. बिल्ला हरवणाऱ्या मुलाला तो शाळा सुटेपर्यंत थांबवून ठेवी. वर्गशिक्षकाने येऊन सांगितल्याशिवाय सायकल सोडीत नसे. त्याच्या स्टँडवर कसलीही पाटी नव्हती. पाटीची गरज राखण न करणाऱ्यास लागते.

तीच गोष्ट कचेऱ्यांची आणि कारखान्यांची. पुण्याच्या शेजारी आकुर्डीत स्कूटर तयार होऊ लागल्या, चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली आणि दुचाकी हेच या शहराचे मुख्य वाहन बनले. हिंजवडी, चाकण, भोसरी, खराडी येथील कामाच्या जागा आज याच दुचाकीवर चालतात. तरीही किती तरी आस्थापनांच्या फाटकापाशी असे दृश्य दिसते की, अधिकाऱ्यांच्या मोटारी आत, पहारेकऱ्याच्या नजरेखाली, आणि कामगारांच्या व कारकुनांच्या मोटारसायकली बाहेर, रस्त्याच्या कडेला. एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाक्या सहज मावतात. तेव्हा हा प्रश्न जागेचा नाही, मानाचा आहे. कर्मचाऱ्याने वेळेवर यावे, अशी अपेक्षा करणाऱ्या मालकाने, तो ज्या वाहनावर वेळेवर येतो ते संध्याकाळी जागेवर सापडेल एवढी तरी व्यवस्था करावयास नको काय?

महानगरपालिकेविषयी काय लिहावे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ११७ व्या कलमानुसार वाहने कोठे उभी राहावीत हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावयाचे असते. पुणे महानगरपालिकेने २०१८ साली वाहनतळाचे धोरण मंजूर केले. तेही विरोधापुढे नमून पाच रस्त्यांपुरते, प्रयोग म्हणून. आणि तो प्रयोगही वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. त्या वेळची सारी चर्चा शुल्क किती असावे याभोवती फिरली. शुल्क घेणाऱ्यावर कोणते बंधन असावे, हा प्रश्न तीत जवळजवळ ऐकूच आला नाही. विरोध करणाऱ्या नागरिकांनीही, 'पैसे घ्या, पण राखण करा' अशी मागणी केली असती, तर धोरणाला निराळे वळण लागले असते.

शेवटी पोलीस आणि आपण. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लावूनच दिली जाते. जुन्या वाहनांसाठी ती सक्तीची करताना महाराष्ट्रात २०२५ मध्ये मुदतीमागून मुदती वाढवाव्या लागल्या. खर्च, रांगा आणि गैरसोय यांविषयी लोकांनी केलेली तक्रार रास्त होती. पण एकदा काढली की पुन्हा न बसणारी, लेसरने क्रमांक कोरलेली ही पट्टी चोरीच्या गाडीला खोटा क्रमांक लावणाऱ्याची वाट अडविते, हेही खरे. मात्र गाडी सुटी करून तिचे भाग विकणाऱ्यापुढे कोणतीही पट्टी निरुपयोगी ठरते. तेथे बाजारावर नजर ठेवणारा पोलीस हवा, आणि त्याहून अधिक, स्वस्त मिळतो म्हणून बिनपावतीचा सुटा भाग न घेणारा गिऱ्हाईक हवा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. अर्ध्या किमतीत मिळालेला आरसा किंवा टाकीचे झाकण कोणाच्या तरी चौदा हप्त्यांतून आलेले असू शकते, हे विसरता कामा नये.

जबाबदारी ही वाटून घ्यावयाची गोष्ट आहे. लोटून द्यावयाची नव्हे. मालकाने आपला वाटा उचलावा : कुलूप, साखळी आणि चालू विमा. पैसे घेणाऱ्याने आपला उचलावा, नोकरी देणाऱ्याने आपला, आणि ठेका देणाऱ्याने आपला. त्याचा प्रारंभ एका लहानशा कृतीने होऊ शकतो. महानगरपालिकेने व रेल्वेने पुढचा ठेका देताना, वाहनतळावर ही जुनी पाटी लावण्यास मनाई करावी आणि तिच्या जागी ठेकेदाराचे नाव, त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि त्याने स्वीकारलेल्या अटी लिहावयास लावाव्यात. रंगाचा एक डबा आणि एक रंगारी, एवढाच त्याचा खर्च आहे. तो करण्याची तयारी नसेल, तर निदान त्या पाटीखाली उभे राहून पैसे तरी घेऊ नयेत.